पंच झुकतो, पण कुणाकडे?

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका रडलेल्या पंचापासून करतो. 26 एप्रिल 2025 रोजी स्पेनमधल्या सेव्हिल शहरात कोपा देल रे, म्हणजे राजाच्या चषकाचा अंतिम सामना होता. बार्सिलोना विरुद्ध रेआल माद्रिद. आदल्या दिवशी पंचांची पत्रकार परिषद झाली. रेआल माद्रिदची स्वतःची टीव्ही वाहिनी आहे आणि सामन्याच्या आधी त्या पंचाच्या जुन्या निर्णयांचे व्हिडिओ दाखवायचे, असा तिचा रिवाज होऊन बसलाय. त्याबद्दल मुख्य पंच रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएत्चेआ यांना विचारलं. उत्तर देता देता माणूस रडायला लागला. माझ्या मुलाला शाळेत पोरं सांगतात की तुझा बाप चोर आहे, आणि तो रडत घरी येतो, असं त्यांनी सांगितलं.

यावर माद्रिद क्लबनं काय केलं? आपली पत्रकार परिषद रद्द केली, मैदानावरचा सराव रद्द केला. पंचांचं बोलणंच आक्षेपार्ह आहे म्हणाले. संघ खेळणार की नाही इथपर्यंत अफवा गेल्या. दुसऱ्या दिवशी खेळले, अतिरिक्त वेळेत 3-2 असे हरले, आणि शेवटी शेवटी त्यांच्या अँटोनियो रुडिगरनं बाहेर बसल्या जागेवरून पंचांच्या दिशेनं काहीतरी फेकलं. सहा सामन्यांची बंदी झाली.

मी यातल्या कुठल्या क्लबचा, हे सांगणार नाही. सांगितलं की अर्धं सभागृह ऐकायचं थांबेल आणि उरलेलं अर्धं फक्त टाळ्या वाजवेल.

स्पेनचंच उदाहरण घेतलं, कारण तिथं जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी दोन क्लब एकाच वेळी, एकाच पंचमंडळाबद्दल, अगदी उलटी तक्रार करतात. आणि दोघांच्याही तक्रारीला इतिहास आहे, नुसता रडीचा डाव नाही.

बार्सिलोनाच्या माणसाला विचारा. तो 1943 पासून सुरू करतो. हुकूमशहा फ्रँकोची राजवट, चषकाची उपांत्य फेरी, माद्रिदमध्ये 11-1 अशी हार. मग तो येतो 6 जून 1970 वर. कँप नू मैदान, पुन्हा तोच चषक, बार्सिलोना 1-0 नं पुढे. माद्रिदचा वेलास्केस गोलकडे धावत असताना रिफेनं त्याला पाडलं. पाडलं ते पेनल्टी क्षेत्राच्या चांगलंच बाहेर. पंच एमिलियो गुरुसेता यांनी पेनल्टी दिली. लोकांनी बसायच्या गाद्या मैदानात भिरकावल्या, मग लोकच मैदानात उतरले आणि सामना वेळेआधी थांबवावा लागला. गुरुसेतांना सहा महिने निलंबित केलं. आज पन्नास वर्षं उलटून गेली, तरी बार्सिलोनात हे नाव शिवी म्हणून चालतं. ज्याचा जन्म 1990 चा, तोही गुरुसेता काल घडल्यासारखा सांगतो.

आता माद्रिदच्या माणसाकडे जा. त्याच्याकडे ‘व्हियारातो’ आहे. आंखेल मारिया व्हियार हे 1988 पासून 2017 पर्यंत स्पॅनिश फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात पंच बार्सिलोनाला झुकतं माप देत, या समजुतीला माद्रिदच्या क्रीडापत्रकारितेनं हे नाव दिलं. बरीच वर्षं बाकीचे लोक याला हसत. मग फेब्रुवारी 2023 मध्ये बातमी फुटली की पंचांच्या तांत्रिक समितीचे माजी उपाध्यक्ष होसे मारिया एन्रिकेस नेग्रेइरा यांच्या कंपन्यांना बार्सिलोना क्लबनं 2001 ते 2018 या काळात 70 लाखांहून अधिक युरो दिले होते. पंचांविषयीच्या तांत्रिक अहवालांचे ते पैसे होते, असं क्लब म्हणतो. पंच विकत घेतल्याचा आरोप त्यानं सपशेल नाकारलाय. प्रकरण न्यायालयात गेलं. पण माद्रिदचा माणूस निकालासाठी थोडाच थांबणार? त्याला त्याचा गुरुसेता मिळाला.

म्हणजे उधारीची वही दोघांकडेही आहे, जुनी आणि जाडजूड. गंमत अशी, की तिला फक्त नावे बाजू आहे, जमा बाजूच नाही. एप्रिल 2017 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, बायर्न म्युनिकविरुद्ध क्रिस्तियानो रोनाल्डोनं ऑफसाइडमधून केलेले गोल धरले गेले, बायर्नच्या विदालला लाल कार्ड मिळालं आणि माद्रिद पुढे गेलं. माद्रिदच्या वहीत ती रात्र सापडणार नाही. मे 2009 मध्ये त्याच स्पर्धेत लंडनला चेल्सीनं एकामागून एक पेनल्ट्या मागितल्या, नॉर्वेचे पंच टॉम हेनिंग ओव्हरेबो यांनी एकही दिली नाही, आणि 93 व्या मिनिटाला इनिएस्तानं गोल करून बार्सिलोनाला अंतिम फेरीत नेलं. बार्सिलोनात ती रात्र इनिएस्ताची. चेल्सीत ती रात्र ओव्हरेबोची. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काही आपल्याकडेच नाही.

आता हे मुद्दाम केलेलं ढोंग आहे का? अजिबात नाही, आणि याचा पुरावा फार जुना आहे. 1951 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा सामना झाला. फुटबॉल म्हणजे त्यांचं फुटबॉल, हेल्मेटवालं, पण आपल्या मुद्द्याला ते चालेल. सामना धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि प्रत्येक नियमभंग मोजायला सांगितलं. फिल्म तीच. डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. लक्षात घ्या, इथं कुणी पंचाला शिव्या देत नव्हतं, हरण्या-जिंकण्याचा प्रश्न उरला नव्हता, हातात कागद-पेन्सिल घेऊन मुलं शांतपणे मोजत होती.

त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. ती फिल्म डार्टमथच्या एका दूरच्या माजी विद्यार्थी मंडळाकडे पाठवली होती. कार्यक्रमाआधी त्यांच्यातल्या एकानं ती लावून बघितली आणि तार केली: फिल्ममधला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमानानं पाठवून द्या, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे! ज्या धसमुसळेपणाबद्दल त्यानं एवढं ऐकलं होतं, तो त्याला पडद्यावर कुठं दिसेचना. फिल्म कापलेली नव्हती.

इथपर्यंत आलं की शहाणे लोक थांबतात. म्हणतात, बघा, चाहते आंधळे असतात, पंच बिचारे निष्पक्ष असतात, विषय संपला. मला हे पटत नाही. पंच झुकतात. मोजून सिद्ध झालंय. फक्त ते कुणाकडे झुकतात, ते आपण चुकीचं सांगतो.

इंग्लंडमध्ये नेव्हिल, बामर आणि विल्यम्स या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. लिव्हरपूलच्या मैदानावरचा लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर हा सामना त्यांनी घेतला. त्यातल्या 47 झटापटी निवडल्या आणि 40 प्रशिक्षित पंचांना टीव्हीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. हे पंच खोलीत बसलेले होते बरं का. समोर पडदा होता, कुणी बाटली फेकणार नव्हतं, गाडीची काच फोडणार नव्हतं. नुसता रेकॉर्ड केलेला आवाज. आणि बारकावा असा, की आवाजामुळे पाहुण्यांविरुद्ध शिट्ट्या वाढल्या नाहीत. यजमानांविरुद्धची शिट्टी ओठांवरच राहिली. पंच खोटं काही बघत नाही. त्याला शंका येते, आणि शंकेचा फायदा आवाजाला मिळतो.

स्पॅनिश लीगचाच 2005 चा एक अभ्यास आहे, तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला. भरपाईची मिनिटं किती द्यायची हे पंचाच्या हातात असतं. यजमान संघ एका गोलनं मागे असला की ती मिनिटं वाढतात, एका गोलनं पुढे असला की आखडतात. सामना एकतर्फी असला की फरक दिसत नाही. जर्मनीतल्या अभ्यासात तर असं आढळलं, की ज्या स्टेडियममध्ये मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, तिथं हा कल कमी होतो. काही मीटरचा ट्रॅक! लाच, कटकारस्थान, दिल्लीहून किंवा माद्रिदहून आलेला आदेश असला तर तो ट्रॅक बघून कमी-जास्त होईल का?

मग 2020 आलं आणि हा प्रयोग कुणीही न ठरवता सगळ्या जगात एकदम झाला. 16 मे 2020 ला जर्मन लीग रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली, मागोमाग बाकीच्या लीग. पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं लक्षात येण्याइतकी कमी झाली. पंच तेच होते, नियम तेच होते. फक्त आपण नव्हतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पंच आमच्या विरुद्ध आहे असं जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो, त्याच्याच बाजूला पंच झुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. बोलणाऱ्याची मातीही खपते. खरी तक्रार करायचा हक्क कुणाचा असेल, तर तो माद्रिद-बार्सिलोनाचा नव्हे. दोघांच्याही मैदानावर जाऊन दरवर्षी हजारोंच्या आवाजात खेळून येणाऱ्या लहान संघांचा आहे. त्यांच्याकडे टीव्ही वाहिनी नाही, त्यामुळे त्यांची वही कुणी वाचत नाही.

आता तुमच्या चेहऱ्यांवरून कळतंय, की आपल्या गावाचं काय, हे विचारायचंय. आपल्याकडे गंमत वेगळी आहे. लीगचे सगळे सामने शाहू स्टेडियमवर. संघ पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस असो, मैदान सगळ्यांचं एकच. यजमान-पाहुणा हा भेदच नाही. मग पंच झुकायचा असेल तर कुणाकडे झुकेल? माझा अंदाज, आणि हा फक्त अंदाज आहे, कारण इथं कुणी मोजलेलं नाही: त्या दिवशी ज्या पेठेचा आवाज मोठा, तिकडे. म्हणजे जिची माणसं जास्त आली, जिचा हलगीवाला चांगला, तिकडे. इथल्या एखाद्या कॉलेजातल्या पोरांनी दोन हंगाम स्टेडियमवर बसून फाउल मोजले, तर जर्मनीच्या त्या ट्रॅकइतकंच काहीतरी रंजक हाती लागेल. आणि मोजायला बसवाल, तेव्हा प्रत्येक पेठेतला एकेक बसवा. प्रिन्स्टनचा अनुभव सांगितलाच.

प्रशिक्षकांना आणि क्लबांना हे सगळं प्राध्यापकांच्या आधी कळलेलं आहे. तक्रार ही त्यांच्या दृष्टीनं गुंतवणूक असते. आजच्या सामन्यावर ओरडायचं ते पुढच्या सामन्यातल्या पंचासाठी. यात जोसे मोरिन्योचा हात कुणी धरणार नाही. फेब्रुवारी 2005 मध्ये त्याचा चेल्सी संघ बार्सिलोनात हरला, द्रोग्बाला लाल कार्ड मिळालं. मध्यंतरात बार्सिलोनाचे प्रशिक्षक रायकार्ड पंचांच्या खोलीत गेले होते, असा आरोप त्यानं केला. स्वीडनचे पंच अँडर्स फ्रिस्क यांना आणि त्यांच्या घरच्यांना धमक्या यायला लागल्या. मार्चमध्ये त्यांनी शिट्टी खाली ठेवली, वय 42. मोरिन्योवर दोन सामन्यांची बंदी आली. सहा वर्षांनी तोच मोरिन्यो माद्रिदचा प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनाविरुद्ध हरल्यावर पत्रकारांसमोर ‘का? का?’ असं विचारत पंचांची यादी वाचत होता: ओव्हरेबो, बुसाका, दे ब्लेकेरे, श्टार्क, आणि हो, फ्रिस्कसुद्धा.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. सगळंच मनाचे खेळ नसतात. पंच विकले गेलेत. जर्मनीत रॉबर्ट होयझर नावाच्या पंचानं सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन सामने फिरवले. ऑगस्ट 2004 मध्ये पाडरबोर्न या खालच्या श्रेणीतल्या संघाला त्यानं हॅम्बुर्गविरुद्ध दोन पेनल्ट्या दिल्या आणि 4-2 नं जिंकवलं. त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. पकडलं कुणी? हॅम्बुर्गच्या चाहत्यांनी नाही. त्याच्याच चार सहकारी पंचांना संशय आला आणि त्यांनी महासंघाला कळवलं.

इटलीचं प्रकरण याहून शिकण्यासारखं. एप्रिल 1998 मध्ये युव्हेंटसच्या युलियानोनं इंटर मिलानच्या रोनाल्डोला, म्हणजे ब्राझीलच्या रोनाल्डोला, पेनल्टी क्षेत्रात आडवं केलं. पंच चेकारिनी यांनी खेळ सुरू ठेवला आणि लगेच दुसऱ्या टोकाला युव्हेंटसला पेनल्टी दिली. ती पेनल्टी वाया गेली, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. यावरून इटलीच्या संसदेत गदारोळ झाला. आठ वर्षांनी, 2006 मध्ये, फोनवरची संभाषणं बाहेर आली. युव्हेंटसचे व्यवस्थापक लुचानो मोज्जी पंच नेमणाऱ्या अधिकाऱ्यांशी, पायरेत्तो आणि बेर्गामो यांच्याशी, कोणत्या सामन्याला कोण पंच हवा याच्या गोष्टी करत होते. युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली आणि संघ दुसऱ्या श्रेणीत गेला.

आता बघा, घोटाळा होता कुठं? नेमणुकीत. फोनवर. नेग्रेइरा प्रकरणातही पैसे ज्यांच्याकडे गेले ते मैदानावर शिट्टी वाजवणारे नव्हते, पंचांच्या समितीतले पदाधिकारी होते. तिथं काय शिजतं ते स्टँडमध्ये बसून दिसत नाही, आणि स्लो मोशनमध्ये तर त्याहून नाही. आपण मात्र वर्षानुवर्षं 70 व्या मिनिटाची ती पेनल्टी उगाळत बसतो.

कुणी म्हणेल, आता व्हीएआर आलं, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओवर निर्णय तपासणारे पंच आले, पडदा आहे, रेषा आहेत. मला वाटत होतं यानं संशय कमी होईल. झालं असं, की संशय मैदानातून उठून खोलीत जाऊन बसला. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस दियासचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला, तो ऑफसाइड नव्हता. खोलीतल्या पंचांनी तपासलं, गोल बरोबर आहे असं त्यांना दिसलंही. पण मैदानावर गोल दिलाच आहे अशा समजुतीत त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असं सांगून टाकलं. खेळ सुरू झाला, मग चूक कळली, आणि नियमानं मागे जाता येईना. लिव्हरपूल 2-1 नं हरलं. तीन दिवसांनी ध्वनिफीतच प्रसिद्ध केली. ती ऐकली की गोंधळलेली, घाबरलेली माणसं ऐकू येतात, दुसरं काही नाही. पण त्यातले दोन पंच दोनच दिवस आधी संयुक्त अरब अमिरातीत एका सामन्यासाठी जाऊन आले होते, मँचेस्टर सिटीची मालकी अबुधाबीची, आणि सिटी-लिव्हरपूल ही विजेतेपदाची चुरस! एवढं मिळाल्यावर चाहत्यांना ध्वनिफीत कशाला हवी? याच लिव्हरपूलनं 2005 मध्ये रेषा ओलांडली की नाही हे आजही ठरलेलं नाही अशा गोलावर चेल्सीला हरवून चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली आणि चषक आणला.

शेवटी गुरुसेतांकडे परत जायला हवं, कारण त्यांची अर्धीच गोष्ट सांगितली. एप्रिल 1984, युएफा चषकाची उपांत्य फेरी, बेल्जियमचा अँडरलेख्ट विरुद्ध इंग्लंडचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट. पहिला सामना फॉरेस्टनं 2-0 जिंकलेला. ब्रसेल्समध्ये अँडरलेख्टनं 3-0 नं उलटवला. त्यात एक संशयास्पद पेनल्टी, आणि शेवटच्या क्षणी फॉरेस्टचा गोल नाकारलेला. पंच होते एमिलियो गुरुसेता. 1987 मध्ये ते मोटार अपघातात गेले. 1997 मध्ये उघड झालं, की त्या सामन्यानंतर अँडरलेख्टच्या अध्यक्षांनी गुरुसेतांना पैसे दिले होते. कर्ज म्हणून, असं सांगितलं गेलं.

म्हणजे बार्सिलोनाला वाटत होतं तसा हा माणूस खरंच गडबड निघाला. पण ज्याबद्दल पुरावा मिळाला, त्याचा बार्सिलोनाशी किंवा माद्रिदशी काडीचा संबंध नव्हता. आणि त्या रात्री फॉरेस्टच्या माणसांना लुबाडल्यासारखं वाटलं होतं, ते खरं होतं. अडचण एवढीच, की दर हंगामात इतर चार-पाच सामन्यांतही त्यांना नेमकं तसंच वाटत असणार. आतून दोन्हींची चव एकच असते. कुठली रात्र खरी होती, हे वाटण्यावरून कळायला मार्ग नाही. त्यासाठी तेरा वर्षं आणि ठोस पुरावा लागला.

त्याच नॉटिंगहॅम फॉरेस्टला 21 एप्रिल 2024 रोजी एव्हर्टनविरुद्ध तीन पेनल्ट्या नाकारल्या गेल्या, 2-0 अशी हार झाली. फॉरेस्ट तेव्हा खालच्या श्रेणीत जाण्याच्या भीतीत, आणि त्या भीतीतला त्यांचा शेजारी म्हणजे लूटन. क्लबनं अधिकृत खात्यावरून जगाला सांगितलं, की व्हीएआरच्या खोलीतला पंच लूटनचा चाहता आहे आणि आम्ही आधीच इशारा दिला होता. यावेळी तसा पुरावा नव्हता. साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. फॉरेस्ट त्या हंगामात वाचलं आणि लूटन खाली गेलं.

आता प्रश्न घेतो. पहिला हात मागच्या रांगेतून वर आहे, आणि त्यांच्या गळ्यातल्या मफलरीचा रंग बघून प्रश्न कुठल्या पेठेचा आहे ते कळलंच.